अकरावी लाथ

“योसोत,” बब्रुवान म्हणाला आणि थांबला. पंपाचा दांडा वर, दोन्ही हात दांड्यावर आणि नजर दुकानाच्या पत्र्याकडं.

“पुढं?” मी विचारलं.

“पुढं काय असतंय? सहा दांडं मारलं की चाक फुगतंय. सहाच्या पुढं आजवर कुणी हवा मागितली न्हाई.”

“इल्गोप. मग योदोल, आहोप, योल. चारच तर राहिलेत. मार दांडा.”

“इल्गोप.” त्यानं दांडा दाबला. “योदोल. आ... आ...”

“आहोप.”

ज्यांची सायकल होती ते आजोबा बाकावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “कसला मंतर म्हणायचा रं हा, बब्रू?”

“कोरियाचा हाय, आजोबा. हवा टिकती.”

पुढल्या आठवड्यात आजोबा परत आले आणि म्हणाले, साधी हवा नको, त्या दिवशीसारखी मंतरलेली भर. मग त्यांचे शेजारी आले. दहा दांडे, दहा आकडे, चाक दगडासारखं टणक. बब्रुवान वीरला दहापर्यंत कोरियन आकडे पाठ झाले त्यात माझ्याइतकाच त्या आजोबांचा हात आहे.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, करमाळ्याची. मी एकवीस वर्षांची होते आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. आमच्या तायक्वांदोच्या वर्गातल्या चाळीस पोरांचे पांढरे गणवेश त्यांनीच मांजरपाटाचे शिवले होते. तायक्वांदो म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण यात पाय फार फाकतात एवढं ओळखून त्यांनी सगळ्यांच्या विजारी बैठकीला ऐसपैस ठेवल्या होत्या.

वर्ग घोलप सरांचा. सर पोस्टात होते. तरुणपणी तालमीत घुमलेले, मग कुठूनसं कळलं म्हणून रजा टाकून बेळगावला पंधरा दिवसांच्या शिबिराला गेले आणि तिथून एक वही घेऊन आले. लाथा, ठोसे, वंदन, आणि हाना, दुल, सेत, नेत असे एक ते दहा आकडे, सगळं त्या वहीत होतं. वहीबाहेरचा कोरिया सरांनाही ठाऊक नव्हता. मार्केट यार्डातलं एक रिकामं गोदाम त्यांनी मिळवलं आणि रोज पहाटे गावातल्या पोरांना कोरियन आकड्यांवर लाथा मारायला लावू लागले.

दहा लाथांचा एक फेर. पण आमचा फेर दहावर संपत नसे. मोजणाऱ्यानं ‘योल’ म्हटलं की एक श्वास घ्यायचा आणि आकडा न उच्चारता अकरावी लाथ मारायची. ती मारुतीची. सर ज्या तालमीत घडले तिथं पन्नास जोरांवर एक आणि शंभर बैठकांवर एक असा वरचा एक मारुतीला देत. आहेराच्या पाकिटात आपण शंभर घालत नाही, एकशे एक घालतो, तसंच ते. “दहावर थांबतो तो नोकरदार,” पोस्टात नोकरी करणारे सर म्हणत, “अकरावी मारतो तो पैलवान.” वर्गातले तांबोळी बंधू, रफिक आणि शफिक, ती अकरावी पिराच्या नावानं मारत. सरांची त्याला हरकत नव्हती. कुणाच्या का नावानं असेना, लाथ जोरात बसल्याशी कारण. सहा वर्षांत ती आमच्या पायांची झाली होती. डोक्याला विचारायला जात नव्हती.

दिवाळीनंतर सरांची चिपळूणला बदली झाली. त्याच सुमारास जिल्हा संघटनेचं पत्र आलं, की काळा पट्टा नसलेल्या माणसाला यापुढं वर्ग चालवता येणार नाही. परीक्षा जानेवारीत सोलापूरला आणि परीक्षक खुद्द कोरियाचा. आमच्यात परीक्षेला बसण्याजोगी चारच माणसं होती: मी, बब्रुवान आणि तांबोळी बंधू. त्यांपैकी तांबोळी बंधूंना वर्ग चालवायला पानाच्या दुकानातून सवड नव्हती. त्यांना पट्टा फक्त दुकानात टांगायला हवा होता.

एका सकाळी पोरं गेल्यावर सरांनी मला थांबवलं.

“माळवदे, तू पास होशील. तुझा मला घोर नाही. घोर बब्रूचा आहे. लाथ मारतो ती बैलासारखी, पण आकडे येत नाहीत. तोंडी परीक्षेत आकडे विचारणार आहेत.”

“वर्ग कुणाकडं जाणार, सर?”

“पास होईल त्याच्याकडं.”

“आणि आम्ही दोघंही पास झालो तर?”

सरांनी गोदामाच्या कुलपाशी उगाच खटपट केली. “मग बब्रूकडं. तू आज ना उद्या लग्न होऊन जाणार, बाळ. वर्गाला एका जागी बसणारा माणूस पाहिजे.”

स्वतः चिपळूणला निघालेला माणूस मला हे सांगत होता.

“म्हणून म्हणतो,” ते म्हणाले, “त्याला आकडे तूच शिकव.”

मला तो वर्ग हवा होता. भूक लागल्यावर भाकरी हवी असते तसा हवा होता. दोन वर्षं नव्या पोरांना मीच शिकवत होते. गावात मी माळवदे शिंप्याची थोरली होते, कॉलेजात हजेरीपटावरचा नुसता नंबर होते. त्या गोदामात मात्र मी ‘सज्ज’ म्हटलं की चाळीस पोरं श्वास रोखून उभी राहत. असं दुसरीकडं कुठं घडणार नव्हतं, आणि हे मला तेव्हाही चांगलं कळत होतं.

तरी मी बब्रुवानच्या दुकानात जाऊन त्याला आकडे शिकवले. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण शिकवायला बसलं की वाईट शिकवणं मला जमत नाही. तो नापास व्हावा अशी मनातून आशा मात्र होती. आशा धरायला काही खर्च येत नाही.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही चौघं आणि चिपळूणला रुजू व्हायचं लांबवून थांबलेले सर सोलापूरला गेलो. मोठा हॉल, चकचकीत फरशी, समोर टेबलाशी मास्टर छोई. पन्नाशीचे, बुटके, ताठ बसलेले गृहस्थ. ते मोडकंतोडकं इंग्रजी बोलत आणि शेजारी बसलेले पुण्याचे सहस्रबुद्धे त्याचं मराठी करत. आमच्या मराठीचं इंग्रजीही तेच करत. सहस्रबुद्ध्यांनी थंडी नसताना कोट घातला होता.

सकाळी तोंडी परीक्षा झाली. बब्रुवानला विचारलं, सातला काय म्हणतात? बब्रुवाननं दोन्ही मुठी छातीसमोर धरल्या, हवेत पंप मारायला सुरुवात केली आणि एकापासून थेट दहापर्यंत जाऊन थांबला. मास्टर छोईंनी सहस्रबुद्ध्यांकडं बघितलं. सहस्रबुद्धे म्हणाले, ही त्यांची व्यायामाची पद्धत आहे. बब्रुवान तोंडीत पास झाला.

“तुझ्यामुळं,” बाहेर येऊन तो मला म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की मला त्याच्याकडं बघवेना.

मग राहिल्या सांघिक लाथा. एकेक गावाची तुकडी आत बोलवत, बाकीच्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं. आमचा नंबर जेवणानंतर होता. बब्रुवानच्या आईनं सगळ्यांपुरत्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. फडकं सोडेपर्यंत मी पाणी आणायला म्हणून तांब्या घेऊन गेले. नळ हॉलच्या मागच्या बाजूला, खिडकीखालीच होता.

आत सांगलीची सहा पोरं उभी होती. त्यांच्यातला एक मोजत होता. हाना, दुल, सेत. मीही मोजत होते. योल झालं आणि सगळी पोरं जागच्या जागी थांबली. शेवटच्या एकाच्या पायाला तेवढं राहवलं नाही. त्यानं एक लाथ जास्त मारली. मास्टर छोईंनी बोट वर केलं. त्या पोराला बाजूला काढलं, कागदावरचं नाव खोडलं आणि त्याला दारातून बाहेर पाठवलं. पोरगं गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसत माझ्या समोरून गेलं. माझा तांब्या केव्हाच भरून वाहत होता.

मी परत आले.

“काय चाललंय आत?” सरांनी विचारलं.

“सांगलीची तुकडी आहे.”

“कशी हायती पोरं?” बब्रुवान म्हणाला.

“फरशी निसरडी आहे,” मी म्हणाले. “पाय जपून टाका.”

यात खोटं काही नव्हतं. फरशी निसरडी होतीच. आणि बाकीचंही मी सांगणारच होते. पण घास तोंडात असलेल्या माणसाला घोर लावू नये. जेवण झालं, तर सर पिशवी उशाला घेऊन आडवे झाले, आणि झोपलेल्या माणसाला उठवू नये असंही म्हणतातच. तांबोळी बंधू जवळच्या मशिदीत दुपारच्या नमाजाला गेले. निम्मी माणसं नसताना बोलण्यात अर्थ नव्हता. राहता राहिला बब्रुवान. तो पायरीवर बसून बोटांवर आकडे घोकत होता, आणि अभ्यास करणाऱ्याला मध्येच कोण टोकतं? वेळ चांगला पाऊण तास होता. तेवढ्यात दोन शब्द सहज सांगून झाले असते.

“करमाळा!” दारातून पुकारा झाला.

आत जाताना सर म्हणाले, “आकडे माळवदे म्हणेल. तिच्यामागं राहा म्हंजे चुकायचं काम नाही.”

मी पुढं उभी राहिले. मागं एका रांगेत बब्रुवान, रफिक, शफिक. सर भिंतीपाशी खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून. सहस्रबुद्धे म्हणाले, “दहा लाथा. उजवा पाय. मोजा.”

“हाना!”

मागं तीन पायांचा एकच आवाज झाला. माझा चौथा. दुल. सेत. आम्ही इतकं चांगलं कधीच मारलं नव्हतं. बब्रुवानचा श्वास मला मानेमागं ऐकू येत होता. नेत, दासोत, योसोत. योसोतवर मला वाटलं, मागं वळावं आणि सांगावं. मास्टर छोई आमच्याकडं बघत होते. इल्गोप. योदोल. आहोप.

“योल!”

एक श्वास. माझा उजवा पाय सवयीनं सुटायला निघाला होता. मी टाच फरशीत रोवून त्याला धरून ठेवलं. मागं तीन पाय एकदम गेले. तिघांनी अशी लाथ मारली की टेबलावरचे कागद हलले, आणि आरोळी हॉलच्या छतापर्यंत गेली.

मास्टर छोईंनी बोट वर केलं.

मी खाली फरशीकडं बघत राहिले. वर्ग माझा झाला होता.

पण त्यांनी कागदावर काही खोडलं नाही. ते इंग्रजीत म्हणाले, आणि सहस्रबुद्ध्यांनी मराठी केलं, “तिघांची एकदम चूक होत नसते. दहा सांगितल्या. अकरावी का मारली, असं विचारतायत.”

सर उठून उभे राहिले. हात जोडले. “साहेब, पोरांची चूक नाही, मीच शिकवलंय. ती मारुतीची असते.”

सहस्रबुद्ध्यांनी तोंड उघडलं, मिटलं, क्षणभर छताकडं बघितलं. मग इंग्रजीत म्हणाले, शेवटची लाथ ही मंडळी मोजत नाहीत, ती आपल्या गुरूला अर्पण करतात. मला कॉलेजमुळं तेवढं इंग्रजी कळत होतं. सरांना कळत नव्हतं. असं का सांगितलंत म्हणून मी नंतर सहस्रबुद्ध्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “अहो, मारुती कोण हे समजावण्यात संध्याकाळ झाली असती. आणि नुसतं मारुती म्हटलं असतं, तर त्यांना मोटार वाटली असती.”

मास्टर छोई उठले. टेबलाला वळसा घालून आले, सरांसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकले. सरांना काय झालं ते समजेना. पण समोरचा वाकतोय म्हटल्यावर तेही वाकले, थोडं जास्त. मास्टर छोई आणखी वाकले. पोस्टातल्या साहेबालाही कधी न वाकलेले घोलप सर जवळजवळ गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

तिघांच्या नावापुढं खुणा झाल्या. मग मास्टर छोई माझ्याकडं वळले.

“तुम्ही पुढं होता, असं म्हणतायत,” सहस्रबुद्धे म्हणाले. “तुम्ही का नाही मारली?”

“आज्ञा दहाचीच होती,” मी म्हणाले.

हे भाषांतर सहस्रबुद्ध्यांनी शब्दाला शब्द केलं. मास्टर छोईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात एक वाक्य बोलले.

सहस्रबुद्धे अवघडले. “ते म्हणतात, मोजता उत्तम येतं. आपल्या माणसांबरोबर उभं राहता येत नाही. पुढच्या वर्षी या.”

परतीच्या एसटीत सर माझ्या पुढच्या बाकावर बसून सारखे मागं वळत होते. “अन्याय आहे हा, माळवदे. सरळ अन्याय. चूक केली त्यांना पट्टा आणि बरोबर केलं तिला नकार? भाषेच्या भानगडीत तुझा बळी गेला. मी संघटनेला लिहितो.” आणि त्यांनी लिहिलं. चिपळूणहून तीन वर्षं लिहीत होते, प्रत्येक पत्राची नक्कल मला पाठवत. मारुती आणि गुरू यांतला फरक त्यांनी दोन-दोन पानं समजावून सांगितला होता. ‘आमच्या कु. माळवदे यांनी एकटीने शिस्त पाळली,’ असं दर पत्रात असायचं. ती पत्रं वाचताना मला लाज वाटायची, इतकी की शेवटची दोन मी फोडलीच नाहीत.

त्या एसटीत मी रडले. मोहोळपर्यंत रडले. तांबोळी बंधूंनी आपल्या पट्ट्यांवर पिशवी ठेवली, मला दिसू नयेत म्हणून. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की भाषांतर चुकलं म्हणून निकाल चुकला. भाषांतर चुकलंच होतं, यात वाद नाही.

टेंभुर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली. सर आणि तांबोळी बंधू चहाला उतरले. बब्रुवान मागच्या बाकावरून उठून माझ्याशेजारी येऊन बसला. काळा पट्टा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. तो खिडकीबाहेर उसाचा रस काढणाऱ्याकडं बघत होता.

“कालिंदी,” तो म्हणाला.

“काय?”

“पाण्याला गेलतीस तवा खिडकीतनं सांगलीची पोरं बघितलीस न्हवं?”

“हं.”

“किती मारल्या गं त्यांनी?”

मी तोंडावरून ओढणी फिरवली. बाहेर कंडक्टर कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

“मोजल्या नाहीत मी,” मी म्हणाले.

बब्रुवाननं माझ्याकडं बघितलं. सकाळी पास झाल्यावर बघितलं होतं तसंच, पण आनंद वजा करून.

“बरं,” तो म्हणाला. मग पट्टा उचलून मागं आपल्या बाकावर जाऊन बसला.

वर्ग बब्रुवानकडं गेला. सहा महिन्यांत संघटनेचा माणूस तपासणीला येऊन गेला आणि अकरावी लाथ बंद करायला सांगून गेला. ती बंद झाली. मी पुढच्या वर्षी परीक्षेला बसले नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. लग्न होऊन मी कुठं गेले नाही. गावातल्याच शाळेत लागले, ती परवा निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. सरांना हवा होता तसा एका जागी बसणारा माणूस निघाले मी.

त्या प्रश्नाबद्दल बब्रुवान नंतर कधी एक शब्द बोलला नाही. वाकडं वागला नाही, दिवाळीचा फराळ चुकवला नाही, पुढं बायकोलाही मला वन्सं म्हणायला लावलं. फक्त दर जूनमध्ये नवी पोरं आली की तो मला बोलावणं धाडतो. अजूनही धाडतो. आता त्याला आकडे झोपेतसुद्धा येतात, पण पहिल्या दिवशी ते फळ्यावर मीच लिहायचे असतात. पोरं रांगेत बसवून तो त्यांना दरवर्षी तेच सांगतो, हसत नाही, आवाज चढवत नाही.

“आकडे कालिंदीताईंकडनं शिका. आजवर त्यांचं मोजणं एकदाबी चुकलेलं न्हाई.”

मग सगळी पोरं माझ्याकडं बघतात, आणि मी खडू घेऊन फळ्याकडं तोंड करते.